निकम काकूंचा गॅस

आमच्या इमारतीत जगाची खबर आधी नाकाला लागते आणि मग कानाला. निकम काकू तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर. दोघांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. सकाळी त्यांच्याकडून लसणाच्या फोडणीचा वास आला, की पृथ्वी जागच्या जागी आहे असं समजायचं. वास आला नाही, की माझी बायको वैशाली हातातली कणीक तशीच ठेवून मला म्हणते, "अहो, टीव्ही लावा बरं. कुठे काय झालंय ते बघा."

मी टीव्ही लावतो. कुठेतरी भूकंप झालेला असतो, नाहीतर दरड कोसळलेली असते, नाहीतर आगगाडी रुळावरून घसरलेली असते. काकूंचा गॅस उगाच कधी बंद राहिला नाही.

इंदिरानगरात आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका सकाळी वैशाली वर गेली होती ती धावतच खाली आली. काकूंचं दार सताड उघडं होतं, हॉलमध्ये सोफा सरकवून सतरंजी अंथरली होती, आणि काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. टीव्ही बंद, गॅस बंद. यात विचारण्यासारखं काय होतं? ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची, एवढं आम्हाला कळत होतं. वैशालीने घाईघाईने बेसन कालवलं, भाकऱ्या थापल्या, आणि मी ऑफिसला दांडी मारून, चेहरा पाडून, डबा घेऊन तिच्या मागे वर गेलो. मग वैशालीने हळूच विचारलं, "काकू, कोण गेलं?"

"खाणीत अडकले होते ना ते," काकू म्हणाल्या. "सकाळी सांगितलं, सगळे संपले म्हणून."

"तुमचे कोण होते?"

"माझे कोणी नाही. पण संबंध येतो ना. अख्खं आयुष्य विजेवर काढलं आपण. कोळसा कोण काढतं?"

मी वैशालीकडे पाहिलं. वैशाली डब्याकडे पाहत होती. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "पिठल्यात हिंग कमी पडला."

हे "संबंध येतो" म्हणजे काकूंचं पेटंट वाक्य. आणि दुसरं त्यांच्या माहेरच्या बोलीतलं. माहेर सटाण्याकडचं. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण आतून हललं की अहिराणी बाहेर येते. टीव्हीवर पुरात छपरावर बसलेली माणसं दिसली की पदर तोंडाला लावून म्हणणार, "माय व! तठे कोन शे त्यास्नं?" तिथे त्यांचं कोण आहे? हा प्रश्न त्या मला विचारायच्या, जणू सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून त्याचंही उत्तर माझ्याकडे असायला हवं.

सेक्रेटरी मी झालो तो मीटिंगला उशिरा पोचल्यामुळे. पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंगमधली भांडणं, एवढं सांभाळायचं असं मला सांगितलं होतं. काकूंच्या सुतकाचं कोणी सांगितलं नव्हतं.

काकूंची रीत मला हळूहळू समजली. कुठे काही आक्रीत घडलं, की तिथल्या माणसाला भेटायला जायचं. भेटायला म्हणजे आपण दुःखाच्या घरी जातो तसं, पिठलं-भाकरीचा डबा घेऊन. आता दुःखाचं घर हजारो कोसांवर असलं, तर तिथलं कोणीतरी नाशकात शोधायचं आणि त्याच्याकडे जायचं. कोणीच सापडलं नाही, तर ते दुःख बेवारस राहतं. मग काकू ते आपल्या घरी आणायच्या. सतरंजी अंथरायची, दार उघडं टाकायचं, दिवसभर गॅस बंद.

आणि गॅस बंद राहिला की भाकऱ्या कोणी थापायच्या? आमच्या वैशालीने. त्यामुळे काकूंना कोणीतरी शोधून देणं ही माझ्या संसाराची गरज होऊन बसली. सोसायटीच्या ग्रुपवर लोक गाड्या नीट लावायच्या सूचना टाकतात. मी टाकायचो, "कोणाच्या ओळखीत फिलिपिन्सचा माणूस आहे का? तातडीने हवा आहे." पहिल्या मजल्यावरच्या जोशांनी एकदा विचारलं, "भाड्याने हवा का विकत?"

केरळात पूर आला तेव्हा सोपं गेलं. पाथर्डी फाट्याजवळ शाजीचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. मी काकूंना स्कूटरवर मागे बसवलं, डबा हुकाला अडकवला आणि नेलं. शाजी जॅकखाली वाकला होता. काकू समोरच्या टायरच्या चळतीवर जाऊन बसल्या आणि गप्प राहिल्या. शाजीला वाटलं स्कूटर पंक्चर आहे. तो दोन्ही चाकं दाबून बघून आला.

"घरचे कसे आहेत रे तुझे?" काकूंनी विचारलं.

"बरा आहे काकू. माझा गाव वरती डोंगरमध्ये. तिकडे पाणी नाही आला. नळाला पण नाही आला."

मी हसू दाबलं. काकूंनी डबा उघडला. "असू दे. तुझ्या मुलखातलं कोणाचं तरी गेलंच ना. खा." शाजीने काळे हात पुसले आणि उभ्या उभ्या खायला लागला. आधी संकोचाने खात होता, मग भुकेने. खाताखाता मध्येच थांबला आणि म्हणाला, "काकू, मी इकडे इतका वर्ष आहे. पूर आला तर सगळा लोक विचारतो, टायरचा भाव वाढणार काय? गावचा कोणी विचारला नाही."

तेव्हापासून त्यांची गट्टी जमली. काकू त्या रस्त्याने गेल्या की त्याच्याकडे पाणी प्यायच्या आणि त्याचं मराठी दुरुस्त करायच्या. एकदा तो सुट्टीवर गावी निघाला तेव्हा सांगायला आला होता. दारातून म्हणाला, "काकू, मी जातो."

"जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं."

"पण मी तर जातो आहे!"

"जाणाऱ्यानेच येतो म्हणायचं असतं. म्हण."

"येतो," शाजी म्हणाला. हा शब्द त्याला एवढा आवडला, की पुढे तो दुकानाच्या मागच्या खोलीतून ट्यूब आणायला निघाला तरी गिऱ्हाइकाला "येतो" सांगून जायचा.

अफगाणिस्तानात भूकंप झाला तेव्हा काकूंनी माझी मदत न घेता रशीदभाई शोधले. भद्रकालीत त्यांचं मसाल्याचं आणि सुक्या मेव्याचं दुकान आहे. रशीदभाई हात जोडून म्हणाले, "काकी, आमचं सगळं खानदान इथलंच. पाच पिढ्या भद्रकालीत गेल्या. मी तर मालेगावच्या पुढे पण कधी गेलो नाही."

"तुमचा हिंग तिकडून येतो ना?"

"हां, हिंग तो वहींचा."

"मग झालं तर. त्यांच्या हिंगावर आमचं पिठलं होतं. संबंध येतो." आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला. रशीदभाईंनी तराजू बाजूला केला, दुकानातल्या माणसाला गिऱ्हाईक थांबवायला सांगितलं आणि काकूंसमोर नीट मांडी घालून बसले. ते म्हणाले, "काकी, असं असेल तर मग दुकान चालू ठेवून कसं चालेल?"

पण सगळ्यात मोठी फजिती जपानच्या भूकंपाच्या वेळी झाली. नाशकात जपानी माणूस कुठून आणायचा? मी हात टेकले. वैशालीने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पोळपाट आपटला, तेव्हा मला हायवेवरचं जपानी गाड्यांचं शोरूम आठवलं. काकूंना ते लगेच पटलं. काचेच्या दारातून आम्ही डबा घेऊन आत शिरलो. टाय लावलेला एक तरुण सेल्समन पुढे आला. हर्षल नाव, सिन्नरकडचा. त्याने आम्हाला सोफ्यावर बसवलं, गार पाणी दिलं, माहितीपत्रकं पसरली. काकू त्याच्याकडे नुसत्या मायेने पाहत होत्या.

"तुमचे मालक सुखरूप आहेत ना?" काकूंनी विचारलं.

"मालक? हो मॅडम. कॉलेज रोडला राहतात."

"ते नाही. तिकडचे. जपानातले."

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या गाडीच्या चित्राकडे पाहिलं. काकूंनी त्याला भूकंपाचं सगळं सांगितलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, डबा त्याच्या टेबलावर ठेवला आणि उठून एक शब्द न बोलता दाराबाहेर पडल्या. बिचारा हर्षल पार्किंगपर्यंत धावत आला. "सर, मॅडमना काही खटकलं का? सीट कव्हर फ्री करून देतो!"

"नाही हो," मी म्हटलं. "दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत ना, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत."

"ते ठाऊक आहे सर, आमच्याकडे पण नाही म्हणत. पण हे शोरूम आहे!"

पिठलं मात्र त्याने खाल्लं असावं. डबा द्यायला तो दुसऱ्या दिवशी घरी आला आणि आत साखर घालून आणली होती, रिकामा डबा परत करू नये म्हणून.

लोकांना वाटायचं, काकूंना लांबचंच दिसतं आणि जवळचं दिसत नाही. तसंही नव्हतं. सुरगाण्याच्या घाटात मजुरांची जीप उलटली तेव्हा त्या एसटीने गेल्या, तिथून पायी त्या मजुरांच्या पाड्यावर गेल्या आणि परतताना कोणीतरी बांधून दिलेलं नागलीचं पीठ घेऊन आल्या. आम्हालाही त्यातलं वाटीभर दिलं. मी वैतागून म्हणालो, "काकू, जग फार मोठं आहे. प्रत्येकासाठी असं बसत राहिलात तर कसं व्हायचं?"

"बसायला काय लागतं?" काकू म्हणाल्या. "एक सतरंजी तर लागते."

मला रागच आला. मी बातम्या बघतो ते क्रिकेटचा स्कोअर कळेपर्यंत. मरणाच्या बातम्या आल्या की चॅनेल बदलतो. माणसाने जगायचं म्हटलं की हे करावंच लागतं, असं माझं मत होतं आणि अजूनही बऱ्याच अंशी आहे.

काकूंचं स्वतःचं कुटुंब म्हणजे योगेश. एकुलता एक. निकम काका तो शाळेत असतानाच गेले. योगेश मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामावर होता. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि मग काही आठवडे घरी. उंच, काळासावळा, हसरा मुलगा. तो आला की जिन्यावरच कळायचं, कारण खालपासून वरपर्यंत सगळ्यांच्या दारावर थाप मारत यायचा.

आणि तो घरी असला की एक चमत्कार व्हायचा. काकूंचा टीव्ही बंद. नुसता बंद नाही, त्यावर क्रोशाचं कव्हर. तेवढे दिवस जगात काय वाटेल ते होवो, डक्टमधून रोज फोडणीचा वास, थालीपिठाचा वास, भाजलेल्या बेसनाचा वास. मी एकदा चिडवलं, "काय काकू, जगाला सुट्टी का?"

"हो," त्या म्हणाल्या. "सध्या सगळे घरी आहेत."

मागच्या वेळी तो निघाला तेव्हा त्याची मोठी बॅग खाली न्यायला मी वर गेलो होतो. योगेश आईच्या पाया पडला. "येतो आई."

"ये. लवकर ये."

एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. रिक्षा गेली, मी खाली नेलेला पाण्याचा तांब्या परत द्यायला वर आलो, तर काकू टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर काढून घडी घालत होत्या. मी सहज विचारलं, "या वेळी कुठे जाणार आहे बोट?"

"तो सांगतो. मला त्या नावांतलं काही कळत नाही. नकाशा काढून दाखवतो, तर त्यात नुसतं निळं." त्यांनी कव्हर कपाटात ठेवलं. "मग मी काय करते, तो सगळीकडे आहे असंच धरते. कुठलं तरी बंदर असेल, तिथे उतरत असेल, चहा पीत असेल. कोणीतरी त्याला रस्ता सांगितला असेल. पुढे टीव्हीवर त्याच गावचं काही दाखवतात. मग आपण जायला नको का? उद्या त्याला तिकडे काही झालं, तर तठे कोन शे त्यास्नं? तिथलीच माणसं ना?"

मी तांब्या ठेवला. घरी येऊन वैशालीला सांगितलं, आणि तिने भाकऱ्यांबद्दल पुन्हा कधी कुरकूर केली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका साध्या सकाळी, डक्टमधून बेसन भाजल्याचा वास आला. योगेश आला की काय, असं वैशाली म्हणाली. दुपारी चकलीचा वास आला. संध्याकाळी पुरणाचा आला. सणवार तर काहीच नव्हता. वैशाली वर गेली. दार लोटलेलं होतं. काकू गॅससमोर उभ्या राहून कढईत डाव फिरवत होत्या.

"कंपनीचा फोन आला होता," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "वादळात बोट बुडाली म्हणतात. बहुतेकांना काढलं. थोडे राहिलेत, त्यांना शोधताहेत. योगेश राहिलेल्यांत आहे."

ती बातमी टीव्हीवर आलीच नाही असं नाही. मी शोधली. पडद्याच्या तळाशी जी पट्टी धावते, तिच्यात एकदा येऊन गेली. वर कोणाचं तरी लग्न दाखवत होते.

वैशालीला काय करावं सुचेना. ती खाली आली आणि सवयीने तिने पिठलं टाकलं. आम्ही दोघं डबा घेऊन गेलो. काकूंनी झाकण उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे परत ने वैशाली. माझ्या घरी कोणी गेलेलं नाही. गॅस बघ. चालू आहे ना?"

तो डबा त्यांनी ओट्यावरच्या पातेल्यात रिकामा केला, धुतला आणि बेसनाच्या लाडवांनी भरून आमच्या हातात दिला.

मग रोज तेच सुरू झालं. जगात कोणीही मेलं तरी ज्यांचा गॅस बंद व्हायचा, त्या काकूंचा गॅस आता बंद व्हायला तयार नव्हता. लाडू, शेव, शंकरपाळे, योगेशला आवडणारं सगळं. त्यांचा सटाण्याचा भाऊ येऊन बसला होता, तो मुकाट्याने खोबरं किसून द्यायचा. सगळ्या इमारतीत डबे पोचायचे. नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. जोशांनी लाडू हातात घेतला आणि दारातच रडले, आणि मग खाल्ला. करण्यासारखं काही उरलं नाही, तर काकू बारीक आचेवर नुसतं पाण्याचं पातेलं ठेवायच्या.

एका दुपारी त्या अनवाणी खाली आल्या. "सिलेंडर संपत आलाय. दुसरा रिकामाच आहे. विझेल हो आता."

आमच्या गॅसवर वरण होतं. वैशालीने ते तसंच उतरवलं, मी सिलेंडर सुटा करून खांद्यावर घेतला आणि जिना चढलो. वर शेगडीवर एकच निळी ज्योत उरली होती, तीही फडफडत होती. पण रेग्युलेटर काढायचा म्हणजे ती विझणारच. मी तसं सांगितलं. काकूंनी देवघरातलं निरांजन आणलं, त्याची वात त्या ज्योतीवर धरली. ती पेटली तेव्हा मला म्हणाल्या, "आता काढा. आणि ह्याच वातीने लावा. लायटर नको."

सिलेंडर बदलताना जवळपास दिवासुद्धा नसावा, ही सूचना सोसायटीच्या फळ्यावर मीच लावलेली आहे. काकू निरांजन पदराआड धरून हॉलच्या दाराशी उभ्या राहिल्या. रेग्युलेटर बसेना, मी दोनदा चुकलो, काकूंच्या भावाने सिलेंडर धरून ठेवला तेव्हा कुठे खटका लागला. काकूंनी पुढे येऊन वात शेगडीशी नेली. भप्पकन ज्योत धरली.

"विझला नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही काकू," मी म्हटलं. "कुठे विझला?"

पुढे कंपनीच्या माणसाचा फोन आला. तो भावाने घेतला, पण काकूंनी मागून घेतला. "शोध थांबवला म्हणजे काय?" त्या विचारत होत्या. "पुन्हा कधी सुरू करणार?" पलीकडचा माणूस काय बोलला ते कळलं नाही. काकू नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या. त्या दिवशी गॅस चालू होता. दुसऱ्या दिवशीही होता.

त्यानंतरच्या सकाळी वैशालीने डक्टची खिडकी उघडली आणि तशीच उभी राहिली. मी चहाचा कप ठेवून तिच्याजवळ गेलो. वरून काहीच वास येत नव्हता. त्या दिवशी ती मला टीव्ही लावा म्हणाली नाही.

वर दार सताड उघडं होतं. सोफा सरकवलेला होता, सतरंजी अंथरलेली होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. वैशाली त्यांच्याजवळ बसली तशी काकूंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "आज तुला भाकऱ्या टाकाव्या लागतील गं."

वैशाली तिथेच हमसून रडली. मला तिथे बसवेना. मी खाली येऊन स्कूटर काढली. कोणाकडे जायचं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण रस्ते पाठ होते. भद्रकालीत गेलो, हायवेच्या शोरूममध्ये गेलो, पाथर्डी फाट्यावर गेलो. तिघांनाही सांगताना माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, "काकूंचा योगेश गेला." रशीदभाईंनी हातातली पुडी खाली ठेवली. हर्षलने टाय काढून खिशात घातला. शाजीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो नळावर जाऊन हात धूत राहिला, कितीतरी वेळ.

संध्याकाळपर्यंत दाराबाहेर चपला मावेनात. अंत्यविधी करायला काही नव्हतंच, समुद्राने काही परत दिलं नव्हतं, त्यामुळे माणसं नुसती येत होती आणि बसत होती. रशीदभाई आले. बरोबर कागदात बांधलेला हिंग आणला होता, तो त्यांनी वैशालीच्या हातात दिला आणि काकूंसमोर मांडी घालून बसले, दुकानात बसले होते तसेच. बऱ्याच वेळाने उठले आणि मान खाली घालून निघून गेले. हर्षल आला, सिन्नरहून आईला घेऊन आला. काकूंनी त्याला ओळखलं. "जपानचा ना तू?" त्या म्हणाल्या. तो "हो" म्हणाला. तेही दोघं निघताना काही बोलले नाहीत. इथे आता शोरूम नव्हतं.

वैशालीने भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून काकूंच्या तोंडाशी धरला होता, तो त्यांनी कसाबसा गिळला. नजर खाली सतरंजीच्या पट्ट्यांवर.

शाजी सगळ्यांत शेवटी आला. दुकान बंद करून, आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याने आणलेला डबा माझ्याकडे दिला. त्यात पिठलं होतं, त्याने स्वतः केलेलं, खोबरेल तेलातलं, वरून कढीपत्ता. आपल्याकडे असंच नेतात ना, असं त्याने डोळ्यांनीच मला विचारलं. मी मान हलवली. तो कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसला. काकूंच्या भावाच्या खोकल्याचा काय तो आवाज.

मग शाजी उठला. काकूंपुढे येऊन वाकला, हात जोडले, आणि त्यांनीच शिकवलेला शब्द नीट, स्वच्छ उच्चारून म्हणाला,

"काकू, येतो."

भावाने चमकून वर पाहिलं. वैशालीने माझं मनगट घट्ट धरलं. दाराशी उभ्या असलेल्या जोशांनी डोळे मिटून घेतले. त्या घरात, त्या दिवशी, तो शब्द कोणीही उच्चारला नसता. शाजीला आमचे चेहरे दिसले, काहीतरी चुकलं एवढं त्याला समजलं, आणि तो हात जोडूनच उभा राहिला.

काकूंनी मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या तरी तोंडाकडे नीट पाहिलं. शाजीच्या पांढऱ्या शर्टाकडे, त्याच्या ओल्या केसांकडे त्या बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले.

"ये," त्या म्हणाल्या. "लवकर ये."

शाजी चपला घालून जिना उतरू लागला. त्याची पावलं खालपर्यंत ऐकू येत होती, आणि ती थांबेपर्यंत काकू दाराकडे बघत होत्या.